अकरावा दावा

दहा दावे कोसळले होते आणि डॉ. चारुता रणदिवे खुशीत होती. समोरच्या मोठ्या पडद्यावर दहा झाडं लालेलाल होऊन पडली होती. शेजारच्या टेबलावर इक्बाल शिकलगार यंत्राला अकरावा दावा भरवत होता.

यंत्राचं नाव ‘उगम’. त्याचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण होतं. ‘संशोधनाने सिद्ध झालंय’ असं आपण दिवसातून कितीदा ऐकतो. कुठल्या संशोधनाने, हे कुणी विचारत नाही. उगम तेवढंच विचारत असे. त्याला एक दावा द्यायचा. मग तो दावा कुठल्या पुस्तकात आहे, पुस्तकाने कुठल्या लेखाचा हवाला दिला, त्या लेखाने कुठल्या जुन्या लेखाचा, असं एकेक पायरी खाली उतरत तो थेट तळापर्यंत जाई. तळाशी कुठेतरी कुणीतरी खरीखुरी माणसं समोर बसवून काहीतरी मोजलेलं असायला हवं. असलं तर उगम ते शोधून काढी आणि सगळी वाट झाडासारखी काढून दाखवी. खालच्याने जेवढं म्हटलं तेवढंच वरच्याने उचललं असेल तर फांदी हिरवी. वरच्याने पदरचं घातलं असेल तर तो सांधा लाल. खरं-खोटं ठरवणं मात्र यंत्राकडे दिलेलं नव्हतं. शेवटचा शेरा माणसाने लिहायचा, आणि कोल्हापूरच्या या पडताळणी केंद्रात ते माणूस म्हणजे चारुता होती.

हे अकरा दावे ‘सोबती’चे होते. तोवर राज्यातल्या बहुतेक शाळकरी मुलांच्या टॅबमध्ये सोबती नावाचा शिकवणारा प्रोग्राम पोचला होता. प्रत्येक मुलाचा वेग ओळखून तो शिकवत असे. पण त्याच्या पोटात एक गोष्ट होती जी पालकांना ठाऊक नव्हती. मुलगी आहे की मुलगा हे पाहून तो थोडं वेगळं शिकवायचा. मुलींना गणितात गोष्टी जास्त आणि ‘असं का?’ कमी. मुलांना लांबलचक उतारे द्यायचेच नाहीत, कारण मुलग्यांना म्हणे भाषेत गोडी नसते. हे उघडकीला आलं तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि नियम आला: यंत्र मुलांमध्ये भेद करत असेल तर त्या प्रत्येक भेदाचा आधार तपासून घ्या.

आधार तपासले तेव्हा हसावं की रडावं कळेना. मुली मुलांच्या तिप्पट शब्द बोलतात, या दाव्याचं झाड उतरत उतरत लग्न टिकवण्याचे सल्ले देणाऱ्या एका पुस्तिकेपाशी जाऊन थांबलं. तिथे कुणी काही मोजलेलंच नव्हतं. मेंदूच्या दोन भागांविषयीच्या दाव्याच्या तळाशी मोजणी होती, पण एका टेबलावर मांडता येतील इतक्याच मेंदूंची. मुलग्यांच्या भाषेविषयीचा दावा तर एका शिक्षकाचं स्वतःच्या वर्गाबद्दलचं मत होतं. चारुता वीस वर्षं व्याख्यानांतून हेच सांगत आली होती. ‘बायकी मेंदू, पुरुषी मेंदू हे थोतांड आहे,’ हे तिचं वाक्य कॉलेजातल्या मुली टी-शर्टवर छापून घालत.

“हा बघा, मॅडम,” इक्बाल म्हणाला.

अकरावं झाड शेंड्यापासून तळापर्यंत हिरवं होतं.

दावा असा होता: एखादी आकृती मनातल्या मनात फिरवून पाहण्याच्या कसोटीत मुलांची सरासरी मुलींपेक्षा जास्त भरते, सराव दिला तर हा फरक बराच कमी होतो. त्या आधारावर सोबती पाचवीपासूनच्या मुलींना ठोकळे फिरवण्याचा एक खेळ जास्तीचा देत असे.

चारुताने झाड तीनदा तपासलं. वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या पिढ्यांतली, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांची मोजमापं. एकही सांधा लाल नव्हता.

“सरासरी आहे ही,” इक्बाल म्हणाला. तो संख्याशास्त्राचा माणूस; बोलायचा कमी, पण आकड्यांबाबत काटेकोर. “वाळूचे दोन ढीग जवळपास एकावर एक ओतल्यासारखे. एकाचं टोक जरासं सरकलेलं. कितीतरी मुली कितीतरी मुलांच्या पुढे आहेत. जन्मजात की खेळण्यांमुळे, हेही यात सांगितलेलं नाही. आणि सरावाने भरून निघतं, ही तर चांगलीच बातमी आहे.”

“तुला चांगली वाटते. उद्या पत्रकार परिषद आहे. दहा दावे खोटे ठरले ते आतल्या पानात जाईल आणि पहिल्या पानावर येईल, ‘यंत्रानेही मान्य केलं, मुलींचं डोकं कमी’. लोक अर्धंच वाक्य ऐकतात, इक्बाल.”

“मग आपण पूर्ण सांगू.”

“पूर्ण वाक्य कोण छापतं?”

 चारुताने शेऱ्याच्या चौकटीत बोट ठेवलं. ‘भक्कम’, ‘अपुरा’, ‘निराधार’ असे तीन पर्याय होते. तिने ‘अपुरा’ निवडला. कारणाच्या जागी लिहिलं, ‘आणखी अभ्यासाची गरज.’ असं लिहिलं की कुणी पुढे विचारत नाही, हे तिला अनुभवाने माहीत होतं.

“मॅडम, हे बरोबर नाही,” इक्बाल म्हणाला.

“कुणाचं काय नुकसान होणार आहे? एक खेळ जाईल.”

तो काही बोलला नाही. चष्मा पुसत बसला. आणि अकराचे अकरा दावे रद्द झाले.

त्यानंतरचे दिवस चारुताच्या आयुष्यातले सर्वांत मानाचे होते. सत्कार झाले, मुलाखती झाल्या. ती भावाच्याच घरी वरच्या मजल्यावर राहत असे. भाऊ विक्रमचा शिरोलीला ओतकामाचे पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचे नमुने, बनवण्याचा छोटा कारखाना होता. त्याची मुलगी कृपा तेव्हा सातवीत होती आणि आत्या म्हणजे तिचं दैवत. मुलाखत लागली की ती सगळ्यांना गप्प बसवायची.

एकदा जेवताना कृपा म्हणाली, “आत्या, सोबतीमधला ठोकळ्यांचा खेळ गेला गं. मी बाराव्या पातळीवर होते.”

“तो फक्त मुलींना होता, माहितीये? तुम्ही कच्च्या आहात असं धरून चालले होते ते लोक.”

“अस्सं?” कृपाचे डोळे मोठे झाले. “मग गेला ते बरंच झालं.”

चारुताने तिच्या ताटात आणखी भात वाढला. त्या क्षणी तिला आत काहीतरी टोचलं, पण ते इतकं बारीक होतं की ताकाच्या घोटाबरोबर खाली गेलं.

कृपा दहावी झाली. तिला साचेरचना शिकायची होती. मोटारीचा एखादा भाग ओतायचा तर त्याचा साचा कसा उलटा कोरावा लागतो, आत पोकळी कुठे राहते, हे तिला वडिलांच्या बोलण्यातून ऐकून माहीत होतं आणि त्याचं तिला वेड होतं. जिल्ह्यात नव्याने निघालेल्या साचेरचना विद्यालयात प्रवेश परीक्षा होती. तिचा मोठा भाग आकृत्यांचा: ही वस्तू उलटी केली तर कशी दिसेल, ही मधून कापली तर कुठला आकार निघेल.

निकाल लागला त्या दिवशी कृपा संध्याकाळी गच्चीवर गेली ती खाली येईना. शेवटी चारुता वर गेली. पोरगी पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. रडून झालेलं होतं.

“गणितात पैकीच्या पैकी आहेत,” कृपा म्हणाली. “आकृत्यांत गेले. त्या फिरतच नाहीत गं डोक्यात. मी धरून ठेवते आणि अर्ध्यात सुटतं.”

“होतं असं कधी कधी. घाबरली असशील.”

“नाही. घरी केलं तरी तसंच. आमच्या वर्गातल्या चौघी बसलो होतो, चौघींचंही तेच. पण त्यांचं मला नाही माहीत. माझं म्हणशील तर...” ती थांबली. “तूच सांगतेस ना, मुलगी-मुलगा असा काही फरक नसतो. मग मुलगी असल्यामुळे नाही झालं हे. मग माझ्यातच कमी आहे काहीतरी.”

चारुताच्या तोंडाशी शब्द आले होते. एक खेळ होता, तू बाराव्या पातळीवर होतीस, तो मी काढून टाकला. सगळं मिळून एवढंच वाक्य. ते तिच्याने बोलवलं नाही. तिने कृपाच्या केसांवरून हात फिरवला आणि “काही कमी नाही तुझ्यात” एवढं म्हणून जिना उतरली. 

महिनाभरात केंद्रात नवा दावा आला. साचेरचना विद्यालय चालवणाऱ्या साचेउद्योग संघाने पाठवला होता. संघाचा अध्यक्ष अजित मगदूम स्वतः आला. मगदूम हा काही दुष्ट माणूस नव्हता; त्याच्या स्वतःच्या दोन मुली परदेशात शिकत होत्या. खुर्चीत बसून तो अवघडून म्हणाला, “मॅडम, रागावू नका. पण तुमच्याच नियमाने सगळं केलं. सोबतीने मुलामुलींना अगदी समान शिकवलं. आणि समान शिकवल्यावर आकृत्यांमध्ये मुली मागे पडल्या, राज्यभर. आधी पडत नव्हत्या, म्हणजे तेव्हा यंत्र त्यांना कुठेतरी सांभाळून घेत असणार. म्हणजे मूळ कुवतीतच फरक आहे, असंच ना? आम्ही म्हणतो, मुलींसाठी वेगळी शाखा काढू. कागदपत्रं, गुणवत्ता तपासणी, असलं काहीतरी. उगाच त्यांची ओढाताण नको.”

तो गेल्यावर इक्बालने दावा यंत्रात घातला: समान शिक्षण मिळूनही मुली आकृतिविचारात मागे पडतात, तस्मात् हा फरक जन्मजात आहे.

झाड उगवलं. चारुता उभी राहून पाहत होती. खाली लाखो मुलांची मोजमापं, चोख. त्यावर निकालांचा अहवाल, चोख. मधे एक सांधा होता, ‘या काळात मुलींच्या शिक्षणातून काही महत्त्वाचं कमी झालं का?’ उगमने स्वतःच्याच जुन्या नोंदी धुंडाळल्या. ठोकळ्यांचा खेळ कमी झाल्याचं त्याला सापडलं. त्या खेळाचा काही उपयोग होता का, हेही त्याने पाहिलं. तिथे शेरा होता: ‘अपुरा आधार. डॉ. चारुता रणदिवे.’ म्हणजे गेलं त्यात महत्त्वाचं काही नव्हतं. सांधा हिरवा झाला. मग त्याच्या वरचा. मग शेंडा.

आयुष्यभर ज्या वाक्याशी ती भांडली ते वाक्य हिरवंगार होऊन तिच्यासमोर उभं होतं, आणि ते तिच्या सहीवर उभं होतं.

“यंत्र चुकलेलं नाही,” इक्बाल हळूच म्हणाला. “आपण जे सांगितलं ते त्याने खरं मानलं.”

“आपण नाही. मी.”

“मीही गप्प बसलो होतो, मॅडम. तेही त्यात धरा.”

 चारुताला एक पळवाट दिसत होती. या दाव्यावरही ती ‘अपुरा’ असा शेरा मारू शकत होती. आणखी अभ्यासाची गरज. पुन्हा कुणी विचारलं नसतं. तिचा हात चौकटीकडे गेलाही. मग आपला हात इतक्या सरावाने तिकडे जातो आहे हे तिच्या लक्षात आलं आणि तिने तो झटक्यात मागे घेतला, कुणी चोरी करताना पाहिल्यासारखा.

“इक्बाल, तेव्हा आपण तो खेळ सगळ्याच मुलांना द्या असं म्हटलं असतं तर? ज्याला लागेल त्याला, मुलगा असो की मुलगी?”

“म्हणता आलं असतं.”

“तुला तेव्हा सुचलं होतं?”

त्याने मान खाली घातली. “सुचलं होतं. तुम्ही विचारलं नाहीत.”

नव्या दाव्यावर निर्णय देणाऱ्या समितीपुढे जायच्या आधी तिने घरी सांगायचं ठरवलं. रविवारी दुपारी, सगळे हॉलमध्ये बसलेले असताना तिने सांगितलं. शब्द तिने मनात नीट लावून ठेवले होते, पण सांगताना सगळे उलटसुलट झाले. आपण किती घाबरलो होतो, लोक कसा अर्थ काढतात, हे ती आधी सांगायला लागली आणि कृपाच्या चेहऱ्याकडे पाहून मधेच थांबली.

“थांब,” कृपा म्हणाली. “तुला माहीत होतं की तो खेळ कामाचा आहे?”

“हो.”

“तेव्हाच माहीत होतं?”

“हो.”

“आणि मी गच्चीवर बसले होते, तेव्हा?”

“तेव्हाही.”

विक्रम उठून उभा राहिला. “ताई, अगं काय केलंस हे? पोरगी महिनाभर जेवत नाहीये नीट. स्वतःला मठ्ठ समजायला लागलीये.”

“तुम्ही नका बोलू,” शुभांगी, कृपाची आई, कोपऱ्यातून म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही. “तुमचा पुतण्या सुट्टीत आला की त्याला रोज कारखान्यात न्यायचात. साचा उघडून दाखवायचात. हिने विचारलं की कपड्यांना तेल लागेल म्हणायचात. ताईंनी एकदा केलं. आपण दहा वर्षं केलं.”

विक्रम खाली बसला. कृपाने दोघांकडे पाहिलं नाही. ती चारुताला म्हणाली, “मला वाटायचं तू आमच्या बाजूची आहेस.”

“मी होते गं. म्हणूनच तर...”

“आमच्या बाजूची असतीस तर आम्हाला खरं सांगितलं असतंस. आम्हाला झेपणार नाही असं तूच धरून चाललीस.”

ती आत निघून गेली. चारुता तशीच बसून राहिली. सोबतीवाल्यांवर तिने केलेला आरोप आज शब्दशः तिच्यावर आला होता, आणि तो खोडायला तिच्याकडे काहीही नव्हतं.

समितीची बैठक केंद्राच्याच सभागृहात झाली. पत्रकार होते, शिक्षक होते, मगदूम होता. चारुताने उगमचं ते हिरवं झाड मोठ्या पडद्यावर लावायला सांगितलं आणि म्हणाली, “यातला हा मधला सांधा खोटा आहे. तो मी खोटा केला. अकरावा दावा भक्कम होता. मला ते दिसत होतं. मला जे सिद्ध व्हायला हवं होतं त्याच्या तो आड येत होता, म्हणून मी त्याला अपुरा म्हटलं. मुली मागे पडल्या त्या कुवतीमुळे नाही. त्यांना उपयोगी पडणारी एक गोष्ट मी काढून घेतली म्हणून पडल्या.”

सभागृहात एकदम गलका झाला. एक तरुण शिक्षिका उभी राहून ओरडली, “आम्ही तुमची भाषणं वर्गात लावत होतो!” चारुताने तिच्याकडे पाहिलं. 

तिने शेरा बदलला. इक्बालने दावा पुन्हा चालवला. मधला सांधा लाल झाला आणि त्याच्या वरचं सगळं झाड लाल होत शेंड्यापर्यंत गेलं. मगदूमने आपला प्रस्ताव मागे घेतला. जाताना तो तिच्यापाशी थांबला, काहीतरी बोलावं असं त्याला वाटत असावं, पण नुसता नमस्कार करून गेला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत अर्धंच वाक्य छापून आलं. ‘मुलींचा मेंदू वेगळा हे तज्ज्ञ बाईंनी लपवलं.’ ज्याला ती भ्याली होती तेच झालं, आणि पहिल्या वेळी झालं असतं त्याहून कितीतरी वाईट रीतीने झालं. तिची जुनी व्याख्यानं लोक टर उडवत एकमेकांना पाठवू लागले. तिने पाडलेले ते दहा दावे, जे खरोखरच पोकळ होते, तेसुद्धा काही जण पुन्हा मिरवू लागले. रणदिवे बाईंनी खोटे ठरवले म्हणजे खरे असणार, असं म्हणत. केंद्राने तिला शेरे लिहिण्याच्या कामावरून काढलं. इक्बालने स्वतःहून बदली मागून घेतली.

निघण्यापूर्वी तो एकदा तिला भेटायला आला. “उगममध्ये आता हा प्रश्न कुणीही विचारला की तुमचं नाव येतं,” तो म्हणाला. “चुकीच्या शेऱ्याचा उगम म्हणून. अर्ज केला तर नाव झाकता येईल. फक्त ‘एक तज्ज्ञ’ असं येईल.”

चारुताला तो मोह झाला. झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. “राहू दे,” ती थोड्या वेळाने म्हणाली. “कुणीतरी तळापर्यंत उतरेल, त्याला तिथे माणूस सापडायला हवं.”

ठोकळ्यांचा खेळ परत आला. आता तो मुलगी-मुलगा न पाहता, ज्याला आकृत्या अवघड जातात अशा प्रत्येक मुलाला मिळू लागला. कितीतरी मुलगेही त्यात निघाले. कृपाने वर्षभर घरीच अभ्यास केला. सकाळी ती विक्रमबरोबर शिरोलीला जाई आणि दुपारी तेलाचे डाग घेऊन परत येई. चारुताने तोवर राजारामपुरीत भाड्याने खोली घेतली होती. कुणी जा म्हटलं नव्हतं. पण रोज जिन्यात कृपा बाजूला होऊन वाट द्यायची, अगदी परक्या बाईला द्यावी तशी, आणि ते तिला सोसवत नव्हतं.

पुढच्या वर्षी निकाल लागला त्या दिवशी शुभांगीने फोन केला. “यादीत नाव लागलं हो ताई तिचं. थांबा, तिला देते.”

पलीकडे कुजबुज झाली. मग फोन हातात घेतल्याचा आवाज आला.

“लागलं माझं,” कृपा म्हणाली.

“मला खात्री होती...” चारुता पटकन बोलून गेली आणि थबकली. कशाच्या आधारावर बोललो आपण हे? या वर्षात तिने कृपाला एकदाही आकृती सोडवताना पाहिलं नव्हतं. तिला नुसतं तसं व्हायला हवं होतं. “नाही. खात्री नव्हती मला, कृपा. भीती वाटत होती.”

 मागे विक्रमचा कुणाला तरी मोठ्याने सांगतानाचा आवाज येत होता.

“मलापण वाटत होती,” कृपा म्हणाली.

एवढंच बोलून तिने फोन आईकडे दिला.